नाव नसलेली कबर आणि तीन पुस्तके

पुस्तकांवर लिहिणे हे माझे काम नव्हे. माझी सारी नोकरी वॉर्डात गेली. सदतीस वर्षे मी रुग्णांचे केसपेपर वाचले आणि लिहिले. पण केसपेपर वाचणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहून गेले, तिकडे त्याची नजर आधी जाते. त्याच खोडीने मी गेल्या दोन वर्षांत तीन जुनी इंग्रजी पुस्तके वाचली. ती का वाचली हे आधी सांगते, म्हणजे माझ्या मतांचे वजन किती धरायचे हे वाचकांना ठरवता येईल.

माझे थोरले मामा महायुद्धाच्या आधी मुंबईहून बोटीने बहारीनला गेले आणि तिथे एका कंपनीत कारकून झाले. त्या काळी ही गोष्ट नवलाची नव्हती. १९३२ साली बहारीनला तेल लागले आणि हिशेब ठेवणारी, यंत्रे चालवणारी माणसे मुंबईहून जाऊ लागली. बाजारात रुपया चालत असे. तो १९६५ पर्यंत चालत राहिला. मामा १९४६ साली तापाने वारले. पेसाहनंतर घरी पत्र आले, तेव्हा त्यांना जाऊन किती दिवस झाले होते हेही पत्रात नव्हते. पुरले कुठे, कद्दीश कोणी म्हटली, काहीच नाही. माझी आई तेव्हा शाळेत होती. मृत्यूचा दिवस ठाऊक नसल्याने आजीने पत्र आल्याचाच दिवस धरला, आणि आई पुढे अश्दोदलाही त्याच दिवशी हश्काबा करवून घेत असे. २०१९ साली ती गेली. शेवटच्या आजारात तिने मला एकदाच विचारले, "बाय, दादाच्या कबरीवर कोणी एक दगड तरी ठेवला का ग?"

मी उत्तर दिले नाही. तिचा पाय चेपत राहिले.

सप्टेंबर २०२१ मध्ये मनामाहून तेल अवीवला थेट विमान सुरू झाले. आपण जाऊन बघून यावे असे मनात होते. पण आज जाऊ उद्या जाऊ करता करता गुडघ्याचे ऑपरेशन आले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लढाई सुरू झाल्यावर ती विमाने थांबली. तेव्हा पायांनी होईना ते डोळ्यांनी करावे म्हणून पुस्तके मागवली. प्रत्येक पुस्तकाला मी एकच प्रश्न विचारला: ज्याच्या कबरीवर नाव नाही, असा माणूस शोधायला तू मला काय मदत करतोस?

पहिले पुस्तक चार्ल्स बेलग्रेव्ह यांचे 'पर्सनल कॉलम', १९६० सालचे. बेलग्रेव्ह १९२६ पासून १९५७ पर्यंत बहारीनच्या शेखांचे सल्लागार होते. १९२५ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आलेली एक जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला आणि एकतीस वर्षांची नोकरी लागली. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आहे. माझे मामा ज्या वर्षांत मनामात राहिले, त्या सर्व वर्षांत हे गृहस्थ त्याच गावात कचेरी चालवीत होते. म्हणून मी मोठ्या आशेने हे पुस्तक उघडले.

पुस्तक वाचनीय आहे, यात शंका नाही. मोत्यांचा धंदा बसला आणि तेल निघाले, त्या पालटाचे वर्णन असे आहे की गाव डोळ्यांसमोर उभे राहते. गर्व आहे, पण थट्टाही आहे. १९४७ च्या डिसेंबरातली दंगलही साहेबांनी टाळलेली नाही. संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीला मंजुरी दिल्यावर मनामात ज्यूंची घरे-दुकाने लुटली गेली आणि सिनेगॉग उद्ध्वस्त झाले. त्या वेळी अनेक अरब शेजाऱ्यांनी ज्यू कुटुंबांना आपल्या घरात आसरा दिला, हे बेलग्रेव्ह नमूद करतात. ही नोंद मोलाची आहे आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण त्या दंगलीत एका ज्यू स्त्रीचा जीव गेला. ती मारली गेली की धसक्याने गेली, याबद्दल दोन मते आहेत. या दंगलीबद्दल मला जे जे वाचायला मिळाले, त्यात तिचे नाव मला कुठेही आढळले नाही. लुटीची हकिगत आहे, मोडलेल्या सिनेगॉगची आहे, आसरा देणाऱ्यांचे कौतुक आहे. जी मेली ती 'एक ज्यू स्त्री'. रात्रपाळीच्या नर्सने केसपेपरवर 'एक बाई वारली' एवढेच लिहिले असते, तर सकाळी मेट्रनने तिला उभे केले असते.

बेलग्रेव्ह यांच्या पुस्तकाचा दोष इथे आहे. त्यांची खुर्ची कचेरीत आहे आणि त्यांना दिसते ते त्या खुर्चीतून. शेख, पाहुणे, पोलीस, अधिकारी हे नावानिशी येतात. गल्लीत भाड्याने राहणारा मुंबईचा कारकून त्या खुर्चीतून दिसत नाही. त्यांनी मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. आठवणी लिहिणारा माणूस आपल्याला भेटलेल्यांबद्दल लिहितो. पण मग हे पुस्तक 'बहारीनचा इतिहास' म्हणून वाचू नये. ते एका कचेरीच्या व्हरांड्यावरून दिसलेले बहारीन आहे, आणि कबरस्तान त्या व्हरांड्यावरून दिसत नाही.

दुसरे पुस्तक जेफ्री बिबी यांचे 'लुकिंग फॉर दिलमुन', १९६९ साली निघालेले. याचा माझ्या मामांशी काडीचा संबंध नाही. तरी मला सर्वांत जास्त शिकवले ते याने.

बहारीनच्या उत्तर भागात मातीचे हजारो ढिगारे आहेत. प्रत्येक ढिगाऱ्याखाली एक दगडी खोली आणि तिच्यात चार हजार वर्षांपूर्वीचा एक मृत. बिबी यांच्या वेळी अशा कबरी लाखभर असाव्यात असा अंदाज होता. पुढे रस्ते आणि घरे झाली तेव्हा पुष्कळ गेल्या. २०१९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून एकवीस ठिकाणच्या ११,७७४ ढिगाऱ्यांची नोंद केली. त्यांतल्या एकावरही नाव नाही. एवढे मोठे अनामिक कबरस्तान ज्या बेटावर आहे, तिथे मी एक कबर शोधायला निघाले होते. हे वाचून प्रथम मला हसू आले आणि मग पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले.

मिटले नाही हे बरे झाले. बिबी महायुद्धानंतर तेल कंपनीच्या नोकरीत काही काळ बहारीनला होते. १९५३ साली प्राध्यापक ग्लोब यांच्याबरोबर डॅनिश मोहीम घेऊन ते परत आले. त्यांच्या आधी येऊन गेलेल्या विद्वानांनी कबरीच उकरल्या होत्या. एवढ्या कबरी आणि गाव मात्र सापडत नाही, तेव्हा हे बेट केवळ मृतांचे असावे, समोरच्या किनाऱ्यावरून प्रेते आणून इथे पुरत असावेत, असे काहींना वाटे. बिबी आणि ग्लोब यांना हे पटले नाही. जिथे इतकी माणसे पुरली तिथे ती राहिलीही असणार. तर आधी त्यांची घरे शोधू, असे त्यांनी ठरवले. आणि घरे सापडली. उत्तर किनाऱ्यावरच्या जुन्या किल्ल्याच्या टेकडीखाली एकावर एक वसलेली शहरे निघाली, बारबार गावाजवळ देऊळ निघाले. मग त्या कबरींनाही अर्थ आला.

या पुस्तकाचा मोठा गुण असा की लेखक निकाल सांगून मोकळा होत नाही. कुठे खणले, का खणले, अंदाज कुठे चुकला, हे तो घडले त्या क्रमाने सांगतो. चांगला डॉक्टर आपले चुकलेले निदानही शिकाऊ मुलांना सांगतो, तसे हे आहे. दोषही आहे. खापरांचे प्रकार आणि कालखंड यांची चर्चा कधी कधी इतकी लांबते की त्या खापराने पाणी प्यायलेले माणूस विसरायला होते. मडक्याला जात मिळते, मृताला मिळत नाही. पण बिबी यांच्यापुढे नावे नव्हतीच. त्यांना नसलेल्या गोष्टीचा दोष मी त्यांच्यावर ठेवणार नाही.

हे पुस्तक संपवल्यावर मी आईची पत्र्याची पेटी पुन्हा काढली. मामांची तीन पत्रे त्यात आहेत. ती मी पूर्वी दहादा वाचली होती, आणि प्रत्येक वेळी आजार, मरण, कबर यांचा उल्लेख शोधला होता. तो नव्हता, कारण पत्रे जिवंत माणसाची होती. या वेळी मी घर शोधले. दुसऱ्या पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेले सापडले, की खोली बदलली आहे, आता मी मशिदीपासून चार घरांवर राहतो, शनिवारी मिनियानला माणूस कमी पडला की मलाच हाक येते. आपल्या लोकांत मशीद म्हणजे सिनेगॉग, हे परक्याला कळले नसते. मनामाच्या बाजारपेठेतले ते जुने सिनेगॉग, तेच १९४७ साली पाडले गेले. ज्या माणसाला मिनियानसाठी हाक मारीत, त्याला तिथल्या समाजाने परका म्हणून टाकून दिले नसणार. ज्यू रीतीने ज्यू कबरस्तानातच पुरले असणार. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. पण ऐंशी वर्षांत आमच्या घरात आलेला हा पहिला आधाराचा अंदाज आहे, आणि तो मला चार हजार वर्षांपूर्वीच्या कबरींवरच्या पुस्तकाने दिला.

तिसरे पुस्तक आपल्या घरचेच. हईम सॅम्युएल केहीमकर यांचा 'हिस्टरी ऑफ द बेने इस्राएल ऑफ इंडिया'. १८९७ साली लिहून झालेला हा ग्रंथ १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. छापलेला पाहायला केहीमकर राहिले नव्हते. माझगावच्या ज्या शाळेत मी मराठी शिकले, तिचे मूळ १८७५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या इस्राएली शाळेत आहे. तेव्हा त्यांच्यावर टीका करताना माझा हात जरा थरथरतो.

बहारीनच्या कामात केहीमकर कशाला, असे कोणी विचारील. दोन कारणांनी. पहिले कारण नावे. आपले वाडवडील एकाच माणसाला किती नावांनी ओळखत, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. सॅम्युएल तो सामाजी, मोझेस तो मुसाजी, एझेकिएल तो हसाजी, डेव्हिड तो दाऊदजी. शिवाय गावावरून आडनाव: किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. पण कचेरीच्या कागदावर बरेचदा आडनाव गळे आणि नाव व बापाचे नाव एवढेच राही. एखादा सॅम्युएल मोझेस बोटीच्या यादीत एका तऱ्हेने, पगारपत्रकात दुसऱ्या तऱ्हेने आणि सिनेगॉगच्या वहीत शेमुएल बेन मोशे म्हणून असू शकतो. हे ठाऊक नसलेला माणूस एकच नाव शोधील आणि 'नोंद नाही' म्हणून उठेल. मीही आधी तेच केले होते.

दुसरे कारण नवगाव. आपल्या पूर्वजांची बोट अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटली, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली प्रेते पुरुषांची एकीकडे, स्त्रियांची एकीकडे अशी दोन ढिगाऱ्यांखाली पुरली, ही परंपरा केहीमकरांनी लिहून ठेवली. आपल्या समाजाच्या इतिहासाचे पहिले पानच नाव नसलेल्या कबरीचे आहे. तिथे एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही, तरी जागा माहीत आहे. कारण ती जागा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना दाखवली.

केहीमकरांचा दोष सांगायचा तर तो त्यांच्या हेतूतून आलेला आहे. परक्या वाचकांना आपला समाज कोण, किती जुना, किती प्रतिष्ठित, हे पटवून द्यायचे होते. म्हणून पलटणीतले अधिकारी, देणगीदार, शिकलेली माणसे यांची नावे भरपूर आहेत. बाया फार थोड्या नावानिशी येतात, आणि पोटासाठी समुद्रापलीकडे गेलेला साधा कारकून किंवा सुतार येत नाही. बेलग्रेव्ह यांना आपला माणूस दिसला नाही तो परका म्हणून. केहीमकरांना दिसला नाही तो लहान म्हणून. दोन्हीकडून तो राहून गेला.

या तीन पुस्तकांशेजारी मला एक चौथी गोष्ट ठेवायची आहे, आणि ती पुस्तक नाही. बहारीन हे ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. १९१३ चा एक हुकूमनामा १९१९ पासून तिथे अंमलात आला आणि हिंदुस्थानातून गेलेली माणसे ब्रिटिश प्रजा म्हणून मनामातल्या पोलिटिकल एजंटाच्या अखत्यारीत आली. त्यांचे कज्जे आणि मेल्यावर मागे राहिलेल्या मालाची वाटणी या बाबी त्या कचेरीत जात. १९४७ पर्यंत ही कचेरी हिंदुस्थान सरकारची होती. तिची दप्तरे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि २०१४ पासून त्यांतली पुष्कळशी कतार डिजिटल लायब्ररीवर कोणालाही फुकट वाचता येतात. भाच्याने मला ती उघडून दिली. कोरडे कागद, जावक क्रमांक, सह्या. पण 'अमुक मेला, त्याची पेटी, त्याचे घड्याळ, इतके रुपये इतके आणे' असे लिहिणाऱ्या कारकुनाने साऱ्या आठवणी लिहिणाऱ्यांपेक्षा मृतांना जास्त न्याय दिला, असे माझे मत झाले. मामांचा कागद अजून हाती लागलेला नाही. मी पाच तऱ्हेच्या स्पेलिंगांनी शोधते आहे. तीन संपली, दोन उरली.

याच मनामात ख्रिस्ती कबरस्तानात अमेरिकन मिशनरी झ्वेमर यांच्या दोन मुली पुरल्या आहेत. जुलै १९०४ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोघी गेल्या. आई एमी झ्वेमर स्वतः नर्स होती. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी त्या मुलींची नावे, तारखा आणि दगडावरचा लेख लोकांना ठाऊक आहे, कारण आईबाप जवळ होते आणि मिशनला पत्रे लिहून नोंद ठेवायची शिस्त होती. एकट्या कारकुनामागे ना आईबाप होते, ना मिशन.

मला धीर देण्यासाठी आमच्या सिनेगॉगमधले एक काका म्हणाले, "बाई, मोशे रब्बेनूंची कबर तरी कोणाला ठाऊक आहे? कशाला जिवाला लावून घेता?" काकांचा हेतू चांगला होता. पण हा दाखला मला मान्य नाही. मोशेची कबर देवाने लपवली, असे तोरा सांगते. माझ्या मामांची कबर देवाने लपवली नाही. ती कोणीतरी लिहायची राहिली. त्याच तोरात राहेल वाटेवर गेली तेव्हा याकोबाने तिच्या कबरीवर खांब उभा केला; प्रवासात होता, घाईत होता, तरी केला.

आता टीका करायचीच तर थोडी आपल्यावरही करते, संपादकांनी रागावू नये. आपल्या मासिकांतून आणि समाजाच्या पत्रकांतून येणाऱ्या श्रद्धांजली काढून पाहा. मृत व्यक्ती 'प्रेमळ, मनमिळाऊ आणि धर्मपरायण' असते. ते खरेही असेल. पण बापाचे नाव नसते, आईचे तर नसतेच. कोकणातले गाव नसते. इकडे आल्यावर बदललेले हिब्रू नाव असते, तिकडचे नसते. कुठल्या गावच्या कबरस्तानात, कुठल्या भागात, कितव्या रांगेत, हे नसते. पन्नास वर्षांनी कोणाच्या नातीने ते कात्रण हातात घेतले तर प्रेमळपणावरून तिला कबर सापडणार नाही. वॉर्डातून मृतदेह खाली जाताना आम्ही दोन चिठ्ठ्या बांधत असू, एक अंगाला आणि एक वरच्या चादरीला, कारण एक चिठ्ठी गळून पडू शकते. कागद आणि दगड या तशाच दोन चिठ्ठ्या आहेत. दगड झिजतो, पडतो, कधी मुळात बसवलाच जात नाही. तेव्हा कागद तरी पुरा हवा.

लहान कबरस्तानात बहुधा तारखांच्या क्रमाने खणत जातात. शेजारच्या दोन कबरींवर तारखा असतील, तर मधल्या कोऱ्या कबरीची जागा कागदावरच्या एका तारखेने ठरू शकते. मला हवी आहे ती तेवढी एक तारीख. बहारीनमध्ये आज ज्यू माणसे पन्नासच्या आसपास उरली आहेत. आखाती देशांत अजून वापरात असलेले ज्यू कबरस्तान मनामाचेच, असे तिथल्या ज्यू संघटनेचे म्हणणे आहे. म्हणजे जागा राखलेली आहे, विचारायला माणसे आहेत. तारीख मिळाली की मी त्यांना पत्र लिहिणार आहे. रिकाम्या हाताने लिहून त्यांना शोधायला लावणे मला बरे वाटत नाही.

तिन्ही पुस्तकांबद्दल माझे मत थोडक्यात असे. बेलग्रेव्ह करमणुकीसाठी वाचावेत, सावधपणे. केहीमकर प्रत्येक बेने इस्राएल घरात असावेत, आणि वाचताना त्यात कोण नाही याची यादी वाचणाऱ्याने स्वतः करावी. बिबी मात्र ज्यांना कोणाला आपले हरवलेले माणूस शोधायचे आहे त्यांनी जरूर वाचावेत, खापरांची पाने चाळून पुढे गेले तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरी आखातातून, एडनहून, कराचीहून आलेली जुनी पत्रे असतील, त्यांना एक विनंती. पत्रे जपताना पाकिटे टाकू नका. आमच्या आईने मामांची तीन पत्रे जपली; पाकीट एकाच पत्राचे जपले. पाठीमागचा पत्ता त्या एकावरच आहे.